टेबलाच्या उंचीवरून

काल रात्री मी एक कडा खाल्ला.
आधी लोणी लावून, मग नुसताच.
परवा बर्फाळ माळ होता, पनीरचा, किंचित आंबटलेला,
तीन तास दिव्याखाली बसल्यावर दुसरं काय होणार.
त्याच्या आदल्या दिवशी अर्धं जंगल,
शेपूचं.

स्किरमांतेचा पाय डिसेंबरात मोडला,
क्लाइपेडाच्या मासळीबाजाराच्या पायरीवर.
पिशवीतल्या बाटलीला साधा तडासुद्धा नाही.
तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याबाहेर काचेसारखा बर्फ.
चाळीस वर्षं जी बाई पहाटे चारला उठून
खाडीपलीकडच्या वाळूच्या टेकड्यांवर कॅमेरा घेऊन जायची,
ती आता खुर्चीवर पाय टाकून मला सांगते,
"पाव आडवा नको, उभा धर.
आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो."

वारा. स्वयंपाकघरात.

राईच्या पावाचा तिनं पर्वत केला, अगदी शब्दशः.
धुरी दिलेल्या माशाची कातडी पसरली की
संध्याकाळचं पाणी.
बिटाच्या रसात बुडवलेला कागद मागे,
बिस्किटांच्या डब्याचं झाकण जरासं कलतं,
म्हणजे उजेड डावीकडून येईल.
रव्याच्या टेकडीवर ती कागदी नळीतून फुंकर घालते,
डोळे बारीक करून, हळू,
आणि रेघा उमटतात.
तशाच.
मी त्या टेकड्यांवर तिच्यासोबत गेलो होतो एकदा,
बुटात वाळू जाते म्हणून कुरकुरत.

आणि तो माणूस.
मुलाच्या जुन्या आगगाडीच्या खोक्यातला,
नखाएवढा, टोपीवाला, हातात बॅग.
मुलगा बर्गेनला मासे साफ करतो, रविवारी फोन करतो.
खोकं माळ्यावर होतं, मीच काढून दिलं.
रोज ती त्याला चिमट्यानं कुठेतरी उभं करते.
मंगळवारी तो माझ्या दाताखाली आला.
"गिळू नकोस!" ती इतक्या जोरात ओरडली
की खालच्या ब्रोन्याबाईंनी काठीनं छत ठोकलं.
धुऊन पाहिला. टोपीचा रंग गेलेला.
"असू दे," ती म्हणाली,
"केव्हाचा चालतोय बिचारा."

मी एकतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली.
माणसं मला एवढीच दिसायची.
त्यातला एक रोज जेवणाच्या सुट्टीत
धक्क्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहायचा,
डबा न उघडता.
एकतीसपैकी निदान सहा वर्षं.
खाली उतरल्यावर कोण तो, मी कधी शोधलं नाही.
हे मी तिला काल सांगितलं, बटाटे सोलताना,
आणि असंही म्हणालो, की तुझा हा देखावा
वरूनच बरा दिसतो, उभ्यानं.

"वरून नकाशा दिसतो," ती म्हणाली. "खाली ये."

गुडघे वाजले. एक खुर्ची सरकवली.
हनुवटी टेबलावर टेकवली, तिच्या हनुवटीशेजारी,
एक डोळा मिटला.
मेणकापडाला कांद्याचा वास.
दुरून डोंगर साजरे म्हणतात,
हा चार बोटांवर होता
आणि माझ्या डोक्यापेक्षा उंच.
कुट्टूचे दाणे दरडीसारखे घसरलेले,
एक पावाचा कण वाटेत, शिळेएवढा,
त्याला वळसा घालावा लागेल.
आणि तो तिथे, बॅग घेऊन, पाठमोरा.
पलीकडे केटली उकळत होती,
वाफ खिंडीतून हळूहळू उतरत होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मला खरंच वाटलं, अंधार पडायच्या आत
याला पलीकडे पोचायला हवं.

"सूप गार होतंय," मी म्हणालो.

"थांब," ती म्हणाली, बोट बटणावर,
"धुकं जाऊ दे."